समासातला क्रूस

आता जे सांगायचं आहे त्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. ठेवू नये, हेच बरं. पोर्तू शहरात बोंफिमच्या चढावर, तिसऱ्या मजल्यावरच्या जेवणघरात हे ज्यांच्या डोळ्यांसमोर घडलं त्यांनीसुद्धा ठेवला नाही, आणि ती माणसं तर भाजलेले चेस्टनट सोलत तिथंच बसली होती. अकरा दिवसांच्या बाळाने नाव ऐकून मान वळवली. तेही अजून त्याला न दिलेलं नाव. झालं एवढंच, की जावई राउल दोन्ही हातांत बशा घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी अडकला आणि ओरडला, “सेन्योर आन्सेल्मो, जरा दार ओढा हो!” म्हाताऱ्या आन्सेल्मोच्या मांडीवर नातू होता. म्हातारा ‘आलो’ म्हणायला तोंड उघडतो न उघडतो तोच मांडीवरचं ते लालसर, सुरकुतलेलं, डोळे मिटलेलं डोकं दाराकडे वळलं. दचकून नाही. सावकाश, सवयीने, आयुष्यभर त्याच हाकेला ओ देत आल्यासारखं.

“पाहिलंत, पापा?” लीदिया टाळी वाजवून हसली. “मालकाने स्वतःच सांगितलं. आता आन्सेल्मोच.”

“अगं, दुसरं नाव उरलंच नाही का पोर्तुगालात?”

“उरलंय की. माझ्या सासूबाईंना एव्हारिस्तो हवंय.”

“माझ्या आजोबांचं नाव आहे ते,” राउल बशा ठेवत म्हणाला.

“म्हणूनच नको. त्यांचे कान आठव. बुधवारी कचेरीत जा आणि आन्सेल्मो लिहून ये, म्हणजे कुणाचंच डोकं खायला नको.”

सगळे हसले. आन्सेल्मोही हसला. पण बाळाने मान वळवली याचं त्याला एवढं नव्हतं. अकरा दिवसांची मान, ती कशीही वळते. त्याला लागलं ते वेगळंच. ती हाक ऐकल्यावर ओ देताना त्याला नेहमीच क्षणभर थांबावं लागे. लहानपणापासून. शाळेत, पलटणीत, लग्नाच्या दिवशी पाद्र्यासमोर. जणू दारात कुणीतरी आधीच उभं आहे आणि ते आत जाईपर्यंत आपण बाहेर थांबायचं आहे. लोक म्हणत, आन्सेल्मो विचार करून बोलतो. तो विचार वगैरे काही करत नसे, वाट बघत असे. आज पहिल्यांदा ते दारातलं कुणीतरी त्याला दिसलं होतं, आणि ते त्याच्याच मांडीवर होतं.

त्याने नातवासाठी भेट मनाशी ठरवून टाकली: घराण्याची वंशावळ, जाड कागदावर, काळ्या शाईत. हे काम त्याच्या हातचं होतं. चाळीस वर्षं एका नोटरीकडे नकलनवीस होता, आणि निवृत्तीनंतर ब्राझीलहून पूर्वज शोधायला येणाऱ्या लोकांना त्यांचे आजे-पणजे काढून देत असे. हे लोक येत तेव्हा छाती फुगलेली असे, जात तेव्हा डोकं धरून. कारण पोर्तुगालात आडनाव बापाकडून मुलाकडे जातं असा त्यांचा समज असे. जुन्या काळी ते कुठेच जात नव्हतं. बाप्तिस्म्याच्या वहीत पाद्री नुसतं नाव लिहायचा. आडनाव म्हणजे दाराजवळच्या खुंट्यांवर टांगलेले कोट. मूल मोठं झालं, पलटणीत किंवा लग्नाला निघालं, की अंगाला बसेल तो चढवायचा. कुणी बापाचा घ्यायचा, कुणी आईच्या आईचा, कुणी धर्मपित्याचा. एका आईबापाचे चार भाऊ, चार आडनावं, आणि चौघं एकाच ताटातला पाव खाणारे. बायकांचं तर विचारूच नका. लग्नाच्या नोंदीत ती जोआकिना रोझा, पहिल्या मुलाच्या वेळी जोआकिना द जेझुस, मेली तेव्हा आणखी काही. ज्या सणावर जीव जडला त्या सणाचं नाव. आन्सेल्मो आपल्या गिऱ्हाइकांना बजावून सांगे, “नावामागे धावू नका, साहेब. नाव फसवतं. घर धरा, नवरा धरा, गावातली जागा धरा.” हे सांगताना त्याला कधी वाटलं नाही की आपण आपला स्वतःचा बाप्तिस्मा कधी वहीत बघितलेला नाही. दाखला होता त्याच्याकडे, वेळोवेळी काढलेला. पण दाखला म्हणजे नक्कल, आणि नकलनवीस मजकुराची नक्कल करतो, समासाची करत नाही. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

सोमवारी सकाळी तो बसने डोंगरातल्या त्या तालुक्याच्या गावी गेला. धुकं इतकं होतं की बसचा ड्रायव्हर वळणं पाठ म्हटल्यासारखा घेत होता. त्याचं जन्मगाव सेर्देडो तिथून वर, पण त्याच्या चर्चच्या जुन्या वह्या केव्हाच खाली नोंदणी कचेरीत आणून ठेवलेल्या. तिथली कारकून दोना प्रुदेन्सिया त्याला ओळखत होती. टेबलाखाली निखाऱ्यांची शेगडी आणि टेबलावर विणकाम.

“आज कोणाचे मेलेले उकरायला आलात, सेन्योर आन्सेल्मो?”

“माझेच.”

“अगबाई. म्हणजे आज घाई नाही.” तिने वह्या समोर आणून टाकल्या. “खोकायचं असेल तर पानांवर नको, बाजूला तोंड करा. मागच्या वेळी एक साहेब खोकले आणि अख्खा अठराशे चौऱ्याण्णव उडाला.”

त्याने पहिलं आन्सेल्मो सापडताच बोट ठेवलं. तपकिरी शाई, पुढे झुकलेली, वाऱ्यात चालल्यासारखी अक्षरं. आन्सेल्मो, जुन्या गिरणीवरच्या बेंतो आल्वेस आणि जोआकिना रोझा यांचा मुलगा, अठराशे नव्व्याण्णव. हा आपण नव्हे, हे त्याला कळत होतं; आपण सहा सालचे. मग डाव्या समासात बारीक क्रूस दिसला, नखाने ओढल्याएवढा, आणि शेजारी मृत्यूचा महिना. बरं. मोठा भाऊ असावा. मेलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला देत, त्यात नवल नव्हतं. दर दुसऱ्या घरात होतं ते, शेकडो वेळा त्याने गिऱ्हाइकांना समजावलेलं होतं. त्याने पानं उलटली. आन्सेल्मो, एकोणीसशे दोन. जुनी गिरणी, बेंतो, जोआकिना. समासात क्रूस. पानं उलटली. आन्सेल्मो, नोव्हेंबर एकोणीसशे सहा. हा तो स्वतः. हीच तारीख त्याच्या ओळखपत्रावर होती, याच तारखेला दर वर्षी लीदिया केक करत होती. जुनी गिरणी, बेंतो, जोआकिना, धर्मपिता गावचा सुतार, सगळं बरोबर. त्याने ते समाधानाने दोनदा वाचलं. आणि मग, डोळा सवयीने डावीकडे गेला तेव्हा, समासात क्रूस होता. मे, एकोणीसशे सात.

त्याने बोटाने तो पुसून पाहिला. नकलनवीस असून पुसून पाहिला.

शेगडीची ऊब टेबलाखालून गुडघ्यांपर्यंत येत होती आणि गुडघ्यांच्या वर तो गार होत चालला होता. समोर दोना प्रुदेन्सियाच्या सुया एकमेकींवर टिकटिक करत होत्या, त्या आवाजात तो मागे मागे सरकला. सेर्देडोच्या म्हाताऱ्या बायका त्याच्या डोक्यावर हात ठेवायच्या, तो आशीर्वाद म्हणून नव्हे, तर भाजी मोजून घ्यावी तसा. हात ठेवायच्या आणि एकमेकींकडे बघायच्या. बाप त्याला नावाने कधी हाक मारत नसे. ‘ए पोरा.’ ‘ए तू.’ मरेपर्यंत ‘ए तू’. सगळ्या मृतांच्या सणाला स्मशानात भिंतीकडेच्या लहान मातीवर बहीण देल्फिना तीन मेणबत्त्या लावायची. त्याने विचारलं होतं, कुणासाठी? ती म्हणाली होती, ‘तुझ्यासाठी.’ चार वर्षांच्या मुलाला हे उत्तर पुरेसं वाटलं. आपल्यासाठी मेणबत्त्या लागतात याचा त्याला थोडा अभिमानही वाटला होता. त्याचे कपडे आधीच वापरलेले असत, पण घरात दुसरा मुलगा नव्हता. झग्याच्या काखेत कुणाच्यातरी घामाचा पिवळा डाग होता. कुणाच्या? पलटणीत भरती झाला तेव्हा तो रांगेत सगळ्यांत बुटका, मिशीचा पत्ता नाही. सार्जंट म्हणाला होता, ‘तुला आईने अर्धा कच्चाच भट्टीतून काढला काय रे?’ शाळेतही तसंच. आयुष्यभर तो स्वतःच्या वयापेक्षा मागे होता आणि त्याला वाटत होतं आपण हळू आहोत.

“दोना प्रुदेन्सिया,” तो म्हणाला, “पाद्र्याने चुकून क्रूस काढला असं होतं का कधी?”

तिने चष्म्यावरून पाहिलं. “पाद्री दारूच्या नशेत बाप्तिस्मा विसरेल, पण मेलेलं पोर विसरणार नाही. पुरण्याचं काम त्यालाच करायचं असतं.” मग सुया थांबल्या. “का हो? कुठला क्रूस?”

“काही नाही. दूरचा नातेवाईक.”

मग चौथा असणार. तीन गेले, चौथ्याला तेच नाव दिलं, तो जगला, तो मी. इतकं साधं आहे, असं त्याने स्वतःला समजावलं, आणि चौथा शोधायला लागला. सात, आठ, नऊ, दहा. एकेक पान. आठ सालात गावात एकूण अठरा बाप्तिस्मे झाले होते आणि त्यात जुन्या गिरणीवरचं एकही नव्हतं. शेजारच्या गावांच्या वह्या काढल्या. नव्हतं. दुपारी त्याने खिशातून मक्याची भाकर काढून खाल्ली, आणि चावताना त्याला अचानक वाटलं की हे खाणारं तोंड कुठल्याच वहीत नाही. नाव आहे, तीनदा आहे, आणि तिन्ही वेळा ते परत गेलं आहे. आणि बुधवारी राउल ते चौथ्यांदा लिहून येणार होता. नातवाची ती मान. कोण आलं होतं मांडीवर? वहीतून सुटलेलं, साठ-पासष्ट वर्षं समासात थांबून राहिलेलं, अखेर ज्याला नवं शरीर मिळालं असं कुणी? तो विचार मूर्खपणाचा होता हे त्याला कळत होतं. मूर्खपणा कळल्याने भीती जात नाही.

तेव्हा त्याने आई शोधली. ती तो तीन वर्षांचा असताना वारली असं त्याला सांगितलेलं होतं. म्हणजे दहा साल. दहा सालात जोआकिना रोझा मेलेली नव्हती. अकरात नव्हती, नऊत नव्हती, त्यामागच्या सालांतही नव्हती. जोआकिना द जेझुसही नव्हती. दिवस कलायला लागला होता, शेवटची बस पाचला होती, आणि त्या गडबडीत त्याला आपलंच वाक्य आठवलं. नावामागे धावू नका. त्याला स्वतःच्या तोंडात मारावीशी वाटली. त्याने नाव सोडलं आणि जागा धरली: जुनी गिरणी. नवरा धरला: बेंतो. मागे मागे जात सात सालच्या फेब्रुवारीत त्याचं बोट थांबलं. जोआकिना दा एन्कार्नासाओ, बेंतो आल्वेस याची पत्नी, राहणार जुनी गिरणी, वय चाळीस, मागे दोन मुलं. दुपारी याच ओळीवरून तो पुढे गेला होता, दुसरीच कुणी बाई समजून. दोन मुलं म्हणजे देल्फिना, आणि तीन महिन्यांनी समासात क्रूस झालेला तिसरा आन्सेल्मो. चौथं नव्हतं. चौथं व्हायला तीच उरली नव्हती.

त्याने नक्कल करून घेतली, स्वच्छ अक्षरात, घडी घालून आतल्या खिशात ठेवली. बसमध्ये ती घडी छातीला लागत होती.

मंगळवारी दुपारी तो फोंताइन्यासला देल्फिनाकडे गेला. नदीवरच्या त्या उतारावर एका लांबट गल्लीत एकेका खोलीची घरं, तिसरी खोली तिची. ब्याऐंशी वर्षांची, लग्न न केलेली, कापड गिरणीत आयुष्य घालवून बहिरेपणाच्या काठावर आलेली, पण जीभ शाबूत. गल्लीतली पोरंबाळं तिच्या थापा ऐकायला येत. लांडग्याला तिने चष्मा विकल्याची गोष्ट तर तिसऱ्या गल्लीपर्यंत पोचली होती. आन्सेल्मो सहा वर्षांचा असताना त्याला घेऊन ती डोंगर उतरून पोर्तूला आली, ती परत गेली नाही.

“बस. सूप घे. हाडं दिसायला लागलीत तुझी.”

“माना, मला भूक नाही.” बहिणीला म्हणतात तसं तो तिला माना म्हणे, केस पांढरे झाले तरी.

“मी भुकेचं विचारलंच नाही. घे.”

कोबीच्या बारीक चिरलेल्या पानांचं ते हिरवं सूप त्याने समोर ओढलं. रस्ताभर त्याने एक गोष्ट ठरवली होती: आईच्या मृत्यूचं बोलायचं नाही. ब्याऐंशी वर्षांची बाई, काय म्हणून? फक्त नावाचं विचारायचं, बाळाचं काय करावं ते ऐकायचं, आणि जायचं. त्याने विचारलं. तीन आन्सेल्मो, तीन क्रूस, उद्या राउल कचेरीत जाणार. “हे नाव त्याला देऊ का मी? तू सांग. तू म्हणशील तसं करतो.”

देल्फिनाचे डोळे तसे झाले जसे लांडग्याच्या गोष्टीत होत.

“ऐक. तुला खरं वाटणार नाही. तिघं गेले ना, तेव्हा आईला कळलं. हे नाव मरणाच्या यादीत आहे. मरण म्हणजे कोण रे? तुझ्यासारखाच एक कारकून. वही उघडतो, बोट फिरवतो, आन्सेल्मो दिसला की निघतो. मग तू झालास. आठ साल, ईस्टरचा आदला दिवस, चर्चच्या घंटा बांधून ठेवलेल्या. आई म्हणाली, याला लिहायचंच नाही. याला तिसऱ्याच्या ओळीत सरकवायचं. त्या ओळीवर खूण झालेली आहे. खूण झालेल्या ओळीकडे कारकून परत बघतो का? सांग, तू बघायचास?”

“नाही.”

“मग! पाद्री म्हातारा, त्याला कोंबडी आणि कबुतर यांतला फरक दिसत नव्हता. विचारायचा, हा कोण? आन्सेल्मो. बाप्तिस्मा झालाय? झालाय, वहीत बघा. तो वहीत नाक घालायचा, आणि असायचास तू तिथे! गावाला माहीत होतं, पण गाव काही बोललं नाही. असं फसवलं आम्ही मरणाला, आईने आणि मी. चौसष्ट वर्षं तो तुला शोधतोय.”

ती हसली. ती गोष्ट सुंदर होती, आणि क्षणभर त्याला ती हवीशी वाटली. दारातल्या त्या कुणाचा तिने हिशेब लावला होता. त्याने चमचा ठेवला. “आई कशी होती त्या दिवशी?”

“धडपडत होती. खाट गिरणीच्या भिंतीला लागून, चाक फिरलं की खाट थरथरायची, आणि प्रत्येक कळ त्या थरथरीत मिसळून जायची, कुठे कळ संपते आणि कुठे चाक सुरू होतं कळायचं नाही. ओरडायचं नव्हतं. गिरणीत पीठ घ्यायला माणसं आली होती. म्हणून दातांत लाकडी पळी. ओकच्या लाकडाची. तिला कडू चव असते, पहिल्यांदा गोडसर लागते आणि मग कडू, जिभेच्या मागच्या बाजूला, तीन दिवस जात नाही.” ती थांबली. “असं आई म्हणायची.”

तो तिच्या तोंडाकडे बघत होता. बोलताना तिची जीभ आत, मागे, काहीतरी शोधत होती.

“मग बाळाचं नाव?”

“ठेवा की खुशाल! फक्त लिहू नका कुठे.”

“माना, उद्या राउल लिहिणार आहे. आता न लिहून चालत नाही.”

तिचा चेहरा उतरला. हात टेबलावरचे पावाचे कण गोळा करू लागले. “मग नको. मग एव्हारिस्तो ठेवा. लिहिलं की तो येणार.”

बाहेर गल्लीत कुणीतरी कपडे वाळत घालत होतं, चिमटे डब्यात पडल्याचा आवाज येत होता. आन्सेल्मोला कळलं की ही गोष्ट अशीच ठेवली तर त्या मानेभोवती ती कायमची गुंडाळली जाणार. उद्या नाव लिहिलं तरी आणि न लिहिलं तरी, बाळ शिंकलं की तो समासाकडे बघणार. आणि गोष्ट खोटी असेल तर तो त्या तिघांच्या रांगेत उभाच नव्हता. ती तिन्ही पोरं दुसऱ्या एका बाईची होती, जिला त्याने कधी पाहिलं नव्हतं. रांग तिथेच संपली होती. त्याने बोलायचं नाही असं ठरवलं होतं. हात आतल्या खिशाकडे गेला, पण कागद काढायची गरज पडली नाही. त्या घरात पहिल्यांदाच तो वाट न बघता बोलला.

“खोटं बोलतेयस,” तो म्हणाला, तिला ऐकू जावं इतक्या मोठ्याने. “त्या ईस्टरला आईला पुरून चौदा महिने झाले होते. त्या खाटेवर तू होतीस.”